प्रश्नपेटी महिनाभरात रिकामी का पडते? (सहावी-सातवी, विज्ञान)

शाळेची_घंटा

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. वर्गात ४६ मुलं, तासिका ३५ मिनिटांची. वर्गात प्रश्नपेटी ठेवली आहे. मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाकायचा, शनिवारी पेटी उघडायची, सगळ्यांत चांगल्या प्रश्नाला पेन बक्षीस. सुरुवातीला पेटी भरते, मग दोनच गोष्टी होतात. एक तर चिठ्ठ्या बंद होतात, नाहीतर "सर्वांत मोठा ग्रह कोणता?" असे, ज्याचं उत्तर विचारणाऱ्यालाच पाठ आहे, असे प्रश्न येतात. हीच मुलं मधल्या सुट्टीत मुंग्यांच्या रांगेसमोर उकिडवी बसलेली असतात. म्हणजे कुतूहल नाही असं म्हणता येत नाही.

जाणकारांना विचारायचं ते असं: पेटी का बंद पडते? बक्षीस ठेवावं की काढावं? मुलाच्या प्रश्नाचं उत्तर लगेच द्यावं का, आणि मलाच येत नसेल तर काय करावं? आणि खर्च न करता, आहे त्या अंगणात करता येईल असं एखादं काम सुचवा, ज्यातून प्रश्न आपोआप निघतील. फक्त "मुलांना प्रोत्साहन द्या" असं नको, नेमकं सांगा.

भिंग

ताई, मुंग्यांची रांग आणि पेटी यांत जो फरक आहे, तिथेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. रांगेसमोर बसलेल्या मुलाला काहीतरी दिसतंय आणि त्याच्या पुढचं दिसत नाही. पेटीसमोर उभ्या असलेल्या मुलाला काहीच दिसत नाही. त्याला कोऱ्या कागदावर, मागणीनुसार, प्रश्न "तयार" करायचा असतो. मग जे पाठ आहे तेच तो लिहितो.

अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली ती शिक्षकाला थेट उपयोगी पडते. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत करून घ्यायचंय, यांच्यामधली फट नजरेस पडली की कुतूहल जागं होतं. फट असून चालत नाही, ती दिसावी लागते. ज्या विषयातलं काहीच माहीत नाही तिथे फट दिसत नाही, आणि सगळं माहीत आहे असं वाटतं तिथेही नाही. २००९ मध्ये कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन दोन गोष्टी विचारल्या: उत्तराची खात्री किती, आणि जाणून घ्यायची ओढ किती. ओढ सर्वांत जास्त होती ती अर्धवट खात्रीच्या ठिकाणी. अगदी अनोळखी किंवा अगदी पक्क्या प्रश्नांना ती कमी होती.

म्हणून वर्गात आधी अर्धं माहीत करून द्यायचं, मुलांकडून अंदाज लिहून घ्यायचा आणि मगच प्रश्नाची चिठ्ठी मागायची. पेटी बदलायची तर अशी:

पेटीशेजारी दर सोमवारी एक वस्तू ठेवा. अर्धी कापलेली भेंडी, जुन्या टॉर्चचा उघडलेला भाग, सुगरणीचं पडलेलं घरटं, गंजलेला आणि न गंजलेला खिळा शेजारी शेजारी. चिठ्ठीवर दोन ओळी छापा: "मला वाटलं होतं की…" आणि "पण दिसतंय की…". तिसरी ओळ प्रश्नाची. या दोन ओळी भरल्या की तिसरी बहुतेक वेळा आपोआप येते, कारण फट कागदावर उतरलेली असते. आणि पेटी शनिवारी नको, दुसऱ्याच दिवशी उघडा. पाच दिवसांनी मुलाला स्वतःचाच प्रश्न परका वाटतो. रोज दोनच चिठ्ठ्या घ्या, चार मिनिटं, बास.

आता बक्षीस. काढा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत रंगीत पेनांनी चित्रं काढणं मनापासून आवडणाऱ्या मुलांचे तीन गट केले. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्याला न सांगता नंतर दिलं. तिसऱ्याला दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण किती चित्रं काढतंय ते पाहिलं, तर आधी कबूल केलेल्या गटाचा वेळ बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आला होता. अचानक मिळालेल्या बक्षिसाने मात्र नुकसान झालं नव्हतं. म्हणजे घातक आहे ती अट. तुमच्या पेटीत याहून एक वाईट गोष्ट घडते: "सगळ्यांत चांगला प्रश्न" कोणता ते शिक्षक ठरवतात, म्हणून मुलं स्वतःला पडलेला प्रश्न सोडून शिक्षकाला आवडेल असा शोधतात. पाठ असलेले प्रश्न तिथूनच येतात. बक्षिसाऐवजी प्रश्नाचं पुढे काहीतरी होऊ द्या. एखादा प्रश्न वर्गाने करून पाहिला आणि फळ्याच्या कोपऱ्यात आठवडाभर विचारणाऱ्याच्या नावासकट राहिला, एवढं पुरतं.

कुतूहल मुळात असतं की नाही, ही शंका ठेवूच नका. बार्बरा टिझर्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी लंडनमधल्या चार वर्षांच्या मुलींचं घरातलं आणि बालवाडीतलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. घरी आईला तासाला सरासरी २६ प्रश्न, आणि शाळेत शिक्षिकेला २. मुली त्याच होत्या, वय तेच होतं. बदलली होती ती फक्त जागा, आणि प्रश्न विचारायचं काम कुणाचं हा समज. शाळेत प्रश्न शिक्षक विचारतात, हे मूल फार लवकर शिकतं.

तासिका_चौथी

भिंग यांनी पेटीचं सांगितलंय, मी तोंडी प्रश्नांचं सांगतो. तुमचा तिसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

उत्तर लगेच देऊ नका, पण प्रश्न अधांतरीही सोडू नका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. शिक्षक प्रश्न विचारून उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि मुलाने तोंड बंद केलं की तितक्याच घाईने पुढे जातात. हा थांबा ३ सेकंदांवर नेला तर मुलांची उत्तरं लांबतात, "मला माहीत नाही" कमी होतं आणि मुलांकडून येणारे प्रश्न वाढतात. थांबे दोन आहेत हे लक्षात ठेवा: एक तुमच्या प्रश्नानंतर, दुसरा मुलाचं बोलणं संपल्यावर. दुसरा बहुतेकांकडून सुटतो. मूल थांबलं की आपण "छान!" म्हणतो आणि तिथे त्याचा विचार तुटतो. मनात सावकाश "एक, दोन, तीन" मोजा. पहिल्या आठवड्यात ही शांतता फार अवघड वाटते, तुम्हालाही आणि वर्गालाही. ती भरून काढायची नाही.

मग प्रश्न फिरवा. "का" ने सुरू होणारे बहुतेक प्रश्न सहावीच्या मुलाला हाताने सोडवता येत नाहीत. त्यातून "असं केलं तर काय होईल?" असा प्रश्न काढता आला की तो त्याच्या आवाक्यात येतो. तुमच्याच मुंग्या घ्या. "मुंग्या रांगेतच का जातात?" याचं तोंडी उत्तर दिलं (वाटेवर सोडलेल्या रसायनाच्या वासाने) तर विषय दहा सेकंदांत संपतो. फिरवलेला प्रश्न असा: "वाटेचा एक तुकडा पुसला तर रांगेचं काय होईल?"

कृती. रांगेवर एक खूण ठरवा आणि एका मिनिटात ती ओलांडणाऱ्या मुंग्या मोजा, दोन्ही दिशांच्या वेगळ्या. असं तीनदा. मग ओल्या फडक्याने वाटेचा ५ सेंमी तुकडा नीट पुसा आणि पुन्हा दर मिनिटाला मोजा, निदान दहा मिनिटं. हे एवढ्यावर थांबवलं तर एखादं हुशार मूल म्हणेल, "त्या ओल्याला घाबरल्या असतील." बरोबर आहे त्याचं. म्हणून दुसऱ्या रांगेवर वाट न पुसता तिच्या अगदी कडेला तेवढीच ओल करा आणि तिथेही मोजा. तिसरी पद्धत त्याहून देखणी: रांगेच्या वाटेवर पोस्टकार्डाएवढा कागद ठेवा, पंधरा-वीस मिनिटं मुंग्या त्यावरून जाऊ द्या, मग कागद जागच्या जागी काटकोनात फिरवा. काही वेळ मुंग्या कागदावरच्या जुन्या वाटेने जाऊन भलतीकडे उतरतात.

बिघडतं कुठे? मुलं वाकून बघताना रांगेवर सावली धरतात आणि श्वास सोडतात, म्हणून एका रांगेला चारच मुलं. साखर ठेवली असेल तर ती रांगेपासून निदान मीटरभर लांब हवी, नाहीतर मुंग्या पसरतात आणि मोजणी फसते. लाल, चावऱ्या मुंग्या नकोत, बारीक काळ्या निवडा.

दूध उतू जातं आणि पाणी का नाही, हा प्रश्न तर दर वर्गात येतोच. तो असा फिरवा: "पाण्यात काय घातलं की तेही उतू जाईल?" उंच, अरुंद पातेल्यात पाव लिटर पाणी, दुसऱ्या वेळी त्याच पातेल्यात तेवढंच पाणी आणि चमचाभर तांदळाचं पीठ नीट कालवून, तिसऱ्या वेळी अर्धं दूध अर्धं पाणी. आच तिन्ही वेळा सारखी. पिठाचं पाणी फेसाळून वर येतं, कारण वाफेचे बुडबुडे फुटू न देणारं काहीतरी आता पाण्यात आहे. दुधात ते काम प्रथिनं करतात. मग मुलांना विचारा, घरी डाळ शिजताना आई तेलाचे थेंब का टाकते. हा प्रयोग फक्त शिक्षकाने करायचा, मुलं मीटरभर मागे.

आणि स्वतःला उत्तर येत नसेल तेव्हा: "मला माहीत नाही" एवढंच म्हणून थांबू नका, त्याला जोडून "हे कसं शोधायचं ते मला माहीत आहे" असं म्हणा आणि पहिली पायरी मुलांसमोरच करा. शब्दकोश उघडा, मोजपट्टी काढा, कुणाला तरी पत्र लिहा. शोधायला सुरुवात कशी करतात हे मुलांना दुसरीकडे कुठेच बघायला मिळत नाही.

शंकू

अंगणातलं, बिनखर्ची काम मागितलंत, तर सावलीच्या काठीइतकं चांगलं मला दुसरं माहीत नाही. कारण इथे मुलांच्या डोक्यात आधीपासून एक पक्कं, चुकीचं उत्तर बसलेलं असतं: दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो. ते मोठ्यांच्याही डोक्यात असतं. वर भिंग म्हणतात ती फट इथे तयारच आहे, ती फक्त उघडी करायची.

शाळेच्या वेळापत्रकात एक अडचण आहे, ती आधी सांगतो. शून्य सावलीचे दिवस (मध्यान्हाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि काठीची सावलीच पडत नाही ते) साताऱ्याला (अक्षांश सुमारे १७.७° उत्तर) मे महिन्याच्या १० तारखेच्या आसपास आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येतात. पहिला सुट्टीत जातो, दुसरा ढगात. म्हणून बहुतेक शाळा हा विषय सोडून देतात. माझ्या मते शून्य सावलीच्या एका दिवसापेक्षा नोव्हेंबर ते फेब्रुवारीची सावली जास्त शिकवते. आकाश स्वच्छ असतं, आणि मुलांचा अंदाज चांगला वीतभर चुकतो.

साहित्य: सरळ सळई किंवा काठी, जमिनीपासून टोकापर्यंतची उंची बरोबर ३० सेंमी. ती वाळू भरलेल्या डब्यात रोवा. सपाट सिमेंटचा ओटा किंवा फरशी, खडू, दोरी, मोजपट्टी, आणि ओळंब्यासाठी दोऱ्याला बांधलेला नट.

आदल्या दिवशी अंदाज लिहून घ्या, नावासकट, सेंटिमीटरमध्ये: "उद्या बरोबर बारा वाजता या काठीची सावली किती?" बरीच मुलं शून्य किंवा दोन-तीन लिहितात. चर्चा करू नका, कागद गोळा करा. २२ डिसेंबरला साताऱ्यात बारा वाजता ही सावली सुमारे २७ सेंमी भरेल. जवळजवळ काठीएवढी!

इथे मुलं म्हणतात, घड्याळ चुकलं असेल, काठी वाकडी असेल. म्हणू द्या, आणि तपासायला लावा. काठी १° कलली तर टोक साधारण ५ मिलिमीटरने सरकतं, आणि जमिनीलाच १° उतार असेल तर या दिवसांत सावली ९ मिलिमीटरपर्यंत फसते. पंचवीस सेंटिमीटरचा फरक यातून निघत नाही, हे मुलांना स्वतः मोजून कळू द्या. एक चूक मात्र जवळजवळ प्रत्येक जण करतो: सावली डब्याच्या कडेपासून मोजतो. टोकापासून ओळंबा सोडून तो जमिनीवर जिथे येईल तिथे (डबा बाजूला करून) खूण करा आणि तिथूनच मोजा. तसं केलं तर काठी किंचित कललेली असली तरी बिघडत नाही.

दुसरा प्रश्न मुलांकडूनच येतो: मग सर्वांत लहान सावली किती वाजता? इथे दर पाच मिनिटांनी लांबी मोजत बसलात तर फसाल. मध्यान्हाच्या आसपास लांबी फारच हळू बदलते. आधीच्या अर्ध्या तासात मिळून जेमतेम ७ मिलिमीटर, आणि शेवटच्या दहा मिनिटांत तर मिलिमीटरभरही नाही. शिवाय सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे, त्यामुळे सावलीचं टोकच चार-पाच मिलिमीटर पुसट असतं. काठी मीटरभर घेतली तर सावली मोठी होते, पण पुसटपणाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यातून काही हाती लागत नाही.

यावर आपल्याकडचा जुना उपाय आहे. भारतीय ज्योतिषगणितात बारा अंगुळांचा शंकू (सावली मोजायची उभी काठी) उभा करून दिशा काढायची रीत होती, तीच इथे वापरायची. ओळंब्याच्या खुणेभोवती दोरीने ३३ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला आत शिरताना शिवतं. तिथे खूण आणि वेळ. दुपारी लांबत लांबत टोक पुन्हा वर्तुळाबाहेर पडतं. तिथे खूण आणि वेळ. २२ डिसेंबरच्या आसपास साताऱ्यात पहिली वेळ अकराला सहा-सात मिनिटं कमी असताना येईल, दुसरी दोन वाजून दहा मिनिटांच्या जवळ. दोन्हींचा मध्य म्हणजे खरं मध्यान्ह, साधारण १२:३२. दोन खुणा जोडणारी रेघ पश्चिम-पूर्व. वर्तुळ ओलांडताना सावलीची लांबी भराभर बदलत असते, म्हणून ही वेळ मिनिटभरात पकडता येते. दोन वर्तुळं (३३ आणि ३६ सेंमी) काढली तर एखादी वेळ ढगाने हुकली तरी दिवस वाया जात नाही.

आता खरा प्रश्न: ही वरची ३२ मिनिटं आली कुठून? भारताची प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची, सातारा सुमारे ७४° वर. साडेआठ अंश गुणिले प्रत्येकी ४ मिनिटं म्हणजे ३४ मिनिटं. हे सातवीच्या मुलाला स्वतः काढता येतं. उरलेली दोन मिनिटं जुळत नाहीत, आणि ती जुळवून दाखवू नका. तीच पुढच्या तीन महिन्यांची शिदोरी आहे. हाच प्रयोग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात केला तर मध्यान्ह १२:१८ च्या आसपास येतं, आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात १२:४८ च्या आसपास. तेच अंगण, तीच काठी, आणि अर्ध्या तासाचा फरक. याचं कारण पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला अक्ष हे दोन्ही मिळून आहे. सातवीला ते समजावलंच पाहिजे असं नाही, दिसलं पाहिजे.

शक्य असेल तर गडचिरोलीच्या एखाद्या शाळेशी फोनवर त्याच दिवशीचे आकडे देवाणघेवाण करा. तिथलं मध्यान्ह तुमच्याआधी सुमारे २४ मिनिटं येतं.

ओळीबाहेर

वरच्या सगळ्याशी सहमत, पण दोन गोष्टी सुटतायत असं वाटतं.

एक. कुतूहल जागं केलं की ज्ञान आपोआप येतं, हे उलटं आहे. शंकू यांचा प्रयोग चालतो कारण मुलांना अंश, रेखांश, घड्याळ हे आधी माहीत आहे. तिसरीच्या वर्गात तोच प्रयोग केला तर "सावली लांब आली" यापलीकडे प्रश्न उठणार नाही. म्हणून वाचन, पाठांतर, व्याख्या यांना कमी लेखू नये. आधी साठा लागतो, मग त्यातली फट दिसते. शिकवण्याचा क्रम मात्र महत्त्वाचा. एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये बालवाडीतल्या मुलांना चार करामती असलेलं एक खेळणं दिलं. एका गटाला बाईंनी "बघा, हे असं चालतं" म्हणून एक करामत नीट शिकवली. ती मुलं तीच करत बसली, लवकर कंटाळली, बाकीच्या करामती त्यांना कमी सापडल्या. ज्यांना तसं शिकवलं नव्हतं त्यांनी जास्त शोधलं. शिकवणं वाईट होतं असा याचा अर्थ नाही. शिक्षकाने दाखवलं म्हणजे एवढंच असणार, असा मुलांचा रास्त तर्क होता. म्हणून शिकवून झालं की स्पष्ट बोला: "हा एक भाग झाला, याच्यात अजून आहे, ते मी सांगितलेलं नाही."

दोन. सगळं कुतूहल सारखं नसतं. डॅनियल बर्लाइन यांनी १९६०च्या सुमारास दोन प्रकार वेगळे केले होते: कंटाळा घालवायला काहीतरी नवं शोधणारं, आणि एका नेमक्या प्रश्नाचा पिच्छा पुरवणारं. मोबाइलवर एकामागून एक चित्रफिती बघणारं मूल पहिल्या प्रकारात आहे. त्याला फटी सतत दाखवल्या जातात आणि लगेच बुजवल्या जातात. अनिश्चितता संपवायची ओढ किती आंधळी असू शकते तेही माहीत असावं. २०१६ मध्ये शी आणि रुआन यांनी लोकांसमोर विजेचा सौम्य झटका देणारी पेनं ठेवली. कोणतं पेन झटका देतं ते ठाऊक होतं तेव्हा लोकांनी कमी दाबली. ठाऊक नव्हतं तेव्हा जास्त दाबली, आणि झटके खाल्ले. वर्गात याचा व्यवहारी अर्थ असा की वीज, आम्ल, भिंगातून सूर्य बघणं यांच्याबाबत "करू नका" पुरत नाही. काय होतं ते आधीच पूर्ण सांगून टाकायचं, तिथे फट ठेवायचीच नाही.

शाळेची_घंटा

सगळ्यांचे मनापासून आभार. बक्षीस आजपासून बंद, आणि चिठ्ठीचा नमुना बदलते. दोन अडचणी राहतात. ४६ पैकी तीच सहा-सात मुलं बोलतात, मुली तर जवळजवळ नाहीतच, कारण चुकीचं बोललं की वर्ग हसतो. आणि पालक विचारतात, हे परीक्षेला येणार का?

भिंग

हसण्याचा प्रश्न गंभीर आहे, कारण या वयात प्रश्न अडतो तो बहुधा लाजेपोटी. उपाय: एकेकट्याला उभं करू नका. आधी शेजारच्याशी दोन मिनिटं बोलायचं, मग जोडीने एक प्रश्न द्यायचा. प्रश्न जोडीचा झाला की एकट्यावर हसता येत नाही. जोडीतलं कोण बोलणार हे तुम्ही ठरवा, आलटून पालटून.

आणि अख्ख्या वर्गाला एकदम समजेल असं एक काम द्या: न बघता सायकलचं चित्र. वेळ ७ मिनिटं. चौकट, पायडल, साखळी दाखवलीच पाहिजे. सायकल रोज पाहणारी मुलंही साखळी पुढच्या चाकाला जोडतात, किंवा चौकटीची नळी अशी काढतात की हॅन्डल वळणारच नाही. प्रौढांवर असेच प्रयोग झाले आहेत आणि त्यांच्याही चित्रांत हेच दोष निघाले. येल विद्यापीठात रोझेनब्लिट आणि काइल यांनी २००२ मध्ये कुलूप, झिप, शौचालयाचा फ्लश अशा वस्तूंबद्दल लोकांना आधी विचारलं, हे कसं चालतं ते किती समजतं? मग पायरीपायरीने लिहून काढायला लावलं. लिहिल्यावर लोकांनी स्वतःला दिलेले गुण स्वतःच कमी केले. चित्र काढून झालं की सगळा वर्ग सायकल स्टँडवर न्या आणि प्रत्येकाने स्वतःच्या चित्रावर लाल पेनने दुरुस्ती करायची. एकाच वेळी सगळेच चुकतात, तेव्हा हसायला कुणी उरत नाही. सर्वांत चांगले प्रश्न या दुरुस्तीच्या दहा मिनिटांत येतात. वही घेऊन मागे उभ्या राहा आणि ऐकू येतील तसे, मुलांच्याच शब्दांत लिहून घ्या.

तासिका_चौथी

पालकांच्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. पहिलं थेट: कुतूहलाच्या अवस्थेत आठवण जास्त टिकते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ग्रूबर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लोकांना प्रश्न दाखवून उत्तर काही सेकंद रोखून धरलं, आणि त्या मधल्या वेळात एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नांची ओढ जास्त, त्यांची उत्तरं तर जास्त लक्षात राहिलीच, पण मध्येच दाखवलेले असंबद्ध चेहरेही जास्त ओळखता आले, दुसऱ्या दिवशीसुद्धा. म्हणून धड्यातली रूक्ष व्याख्या प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या त्या फटीत ठेवा. सावलीची दुपारची खूण व्हायची असताना अक्षांश-रेखांशाची व्याख्या द्या.

दुसरं उत्तर: परीक्षेत आणा. मध्य प्रदेशात १९७२ पासून २००२ पर्यंत चाललेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात परीक्षा पुस्तक उघडून द्यायची असे आणि प्रयोगाची परीक्षा वेगळी असे. तिथे मुलं "सवालीराम" या काल्पनिक पात्राला पत्रं लिहून प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. मूल्यमापन बदललं नसतं तर बाकीचं काही टिकलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या हातात घटक चाचणी आहे. २० गुणांपैकी ४ गुण असे ठेवा: सावलीच्या नोंदींचा एक तक्ता द्या, त्यात एक आकडा मुद्दाम विसंगत टाका, आणि विचारा, "कोणती नोंद संशयास्पद वाटते, का, आणि ती तपासायला काय कराल?" पालकांना उत्तरपत्रिका दाखवली की वेगळं समजवावं लागत नाही.

शंकू

तक्त्यासाठी रकाने सांगतो, म्हणजे उद्यापासून वापरता येईल: तारीख, आकाश (स्वच्छ, विरळ ढग, ढगाळ), अंदाज, वर्तुळात शिरल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ, मध्य, मध्यान्हाची लांबी, सावलीची दिशा, मोजणाऱ्या जोडीची नावं. अंदाजाचा रकाना मोजण्याआधी पेनने भरायचा, पेन्सिलने नाही. नंतर खोडता येत असेल तर मुलं खोडतात आणि फट बुजते.

घड्याळ रोज एकाच मोबाइलचं वापरा, भिंतीवरचं नको. आठवड्यातून एकदा मोजलं तरी पुरे, वार ठरलेला ठेवा. दिशेचा रकाना जूनपर्यंत निरुपयोगी वाटेल, कारण उन्हाळी सुट्टी लागेपर्यंत मध्यान्हाची सावली उत्तरेकडेच असेल. तरी तो काढू नका. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते, त्या आठवड्यात मध्येच ऊन पडलं तर सगळं सोडून अंगणात जा. साताऱ्यात तेव्हा मध्यान्हाला ३० सेंमी काठीची सावली जेमतेम ३ सेंमी असते आणि ती दक्षिणेकडे पडते. आकाश तासभरच मोकळं असेल तर वर्तुळाचा नाद सोडा, १२:३५ च्या सुमारास एकच खूण करा आणि हिवाळ्यातल्या पश्चिम-पूर्व रेघेला समांतर अशी, ओळंब्याच्या खुणेतून जाणारी रेघ तिथे आखलेली असेल तर नवी खूण तिच्या कोणत्या बाजूला आली ते पाहा. त्यासाठी ती समांतर रेघ आणि ओळंब्याची खूण खडूने न ठेवता डिसेंबरातच ऑइल पेंटने पक्की करून घ्या. अर्धा इंची ब्रश आणि पेंटचा सर्वांत लहान डबा पुरतो, आणि रंग सुकेपर्यंत भोवती चार विटा ठेवा.